रविवारची लाथ

दर रविवारी सकाळी साडेआठ वाजता मी एका बहात्तर वर्षांच्या सज्जन गृहस्थाच्या कमरेत लाथ घालत असे. एक नव्हे, तीन. लाथा खाणारे गृहस्थ दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून, पाठमोरे, परीक्षेला बसल्यासारख्या गंभीर मुद्रेने उभे राहत आणि तिसरी लाथ बसली की "झालं? चाल, चहा मांडतो," म्हणत. मग मी त्यांना वाकून नमस्कार करी, कारण वडीलधाऱ्यांना पाय लागला तर नमस्कार करावा असे आमच्या घरचे वळण आहे. मी जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करते. ही माहिती या ठिकाणी देणे माझ्या हिताचे नाही. परंतु पुढे ती लागणार आहे.

गृहस्थांचे आडनाव ठवकर. सक्करदऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचे घर. गल्लीतले सगळे त्यांना काकाजी म्हणतात. एकतीस वर्षे त्यांनी नागपूर-सावनेर रस्त्यावर बस चालवली. तो रस्ता आणि ते आसन या दोघांनी मिळून त्यांच्या मणक्यांमधली एक गादी अशी सरकवली, की कमरेतून पायात उतरणारी नस कायमची दबली. डॉक्टर याला सायटिका म्हणतात. काकाजी 'माई गाडी', म्हणजे माझी गाडी, म्हणतात.

या गाडीचा मार्ग ठरलेला आहे. कंबर म्हणजे नागपूर. दुखणे तिथून सुटते. कुल्ल्यात कोराडी, मांडीत दहेगाव, गुडघ्याच्या मागे पाटणसावंगी आणि टाचेत सावनेर. "कसं काय काकाजी?" असे कोणी सहज विचारले, की उत्तर येते, "सकाळून पाटणसावंगीले गेली होती. आता कोराडीले उभी आहे." नवख्या माणसाला वाटते, घरातले कोणीतरी प्रवासाला गेले आहे. मला खंत एवढीच, की हे वर्णन शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आहे. दुखणे टाचेकडून कमरेकडे मागे सरकू लागले तर ती सुधारणा समजावी, असे वैद्यकही मानते. काकाजींनी ते पाठ्यपुस्तक न उघडता गाठले.

सायटिकाने त्यांना खुर्च्यांचे जाणकारही बनवले. कोणाच्याही घरी गेले की ते आधी खुर्चीकडे पाहतात, मग यजमानाकडे. समोरच्या घरातल्या साखरपुड्यात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ते दीड मिनिट बसले आणि उठून मुलीच्या वडिलांना म्हणाले, "भाऊ, ही खुर्ची नाई, ही दुश्मनी आहे." त्याच भाऊंना पुढे सोफा घ्यायचा होता, म्हणून ते काकाजींना सल्लागार म्हणून धरमपेठेतल्या एका दुकानात घेऊन गेले. काकाजींनी नऊ सोफ्यांवर बसून नऊ नापसंत केले आणि दहाव्यावर आडवे होऊन झोपी गेले. दुकानदाराने पाऊण तास वाट पाहिली. सोफा विकला गेला नाही, कारण भाऊंना तो रंग आवडला नव्हता.

उपचारांच्या बाबतीत काकाजींचे मन उदार आहे. कमरेचे पट्टे तीन. गरम पाण्याच्या पिशव्या दोन, त्यातली एक गळकी, पण "शेक तं देते". निर्गुडीचा पाला, वाळूची पोटली, सावनेरच्या एका मालिशवाल्याचे तेल, ज्याच्या वासाने आमच्या घरातल्या मुंग्या स्थलांतरित झाल्या. एका परिचिताने त्यांना दुपारी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर उताणे पडायला सांगितले होते. मे महिन्यातल्या नागपुरात हा सल्ला देणारा माणूस नंतर परिचित राहिला नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सहा साधे व्यायाम चित्रांसकट कागदावर लिहून दिले होते. तो कागद काकाजींनी प्लास्टिकमध्ये घालून देवघराशेजारी लावला आहे. रोज व्यायाम करणे सोडले, तर त्यांनी सर्व काही करून पाहिले.

काकीजी जाऊन वर्ष होत आले होते, त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी काकाजी आमच्या फाटकाशी उभे राहिले. आत या म्हटले तर आले नाहीत.

"तुया घरात एक पायाळू आहे म्हणे," ते म्हणाले. "तुयी आजी सांगे."

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो. अशा माणसाची लाथ पाठीला लागली की भरलेली उसण उतरते, अशी आपल्याकडची जुनी समजूत. आजी हे वाक्य म्हणत असे, हे खरे होते. घरात तिची नातवंडे दोन. लाथाबुक्क्यांसाठी प्रसिद्ध मी. त्यामुळे पायाळूही मीच, हे मी लहानपणापासून गृहीत धरले होते. गृहीतक तपासावे असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

"असं म्हणतात खरं," मी म्हणाले.

"मंग दोन-तीन लाथा हाण ना बापा."

मी त्यांना समजावले, की बाळ पोटात कोणत्या बाजूने वळले होते याचा दुसऱ्याच्या मणक्याशी काहीही संबंध नसतो. मी विज्ञान शिकते, या गोष्टींना माझा पाठिंबा असू शकत नाही.

"बरं मंग विज्ञानानं हाण," काकाजी म्हणाले. "पाय तं तोच राहीन."

या युक्तिवादातली चूक मला अजून सापडलेली नाही.

पण त्यांनी पुढे सांगितले ते ऐकून मी थांबले. त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्याला असतो. त्याने बजावले होते, की दिवाळीपर्यंत पाठ सुधारली नाही तर एकटे राहणे बंद. घराला कुलूप लावायचे आणि पुण्याला यायचे. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. तक्रार कोणाबद्दल नव्हती.

"चौदाव्या माळ्यावर राहतेत ते," काकाजी म्हणाले. "दोघंही सकाळी जातेत, दिवे लागल्यावर येतेत. दिवसा दुखलं तं सांगू कोणाले? लिफ्टले?"

मी लाथेला मान्यता दिली, पण अट घातली: नोंदी ठेवायच्या. रोज सकाळ-संध्याकाळ, शून्य ते दहा, दुखणे किती ते लिहायचे. काकाजींनी आकडे साफ नाकारले. "दुखणं का गणित आहे?" शेवटी मीच तक्ता केला: नागपूर दोन, कोराडी चार, दहेगाव सहा, पाटणसावंगी आठ, सावनेर दहा. ते गाव लिहीत, मी घरी जाऊन आकडा करी.

असे आमचे रविवार सुरू झाले. लाथा, नमस्कार, मग कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून आधीच आणून ठेवलेले तर्री-पोहे. मी स्टुलावर, काकाजी उभ्यानेच, बशी काकीजींच्या शिलाई मशीनवर ठेवून. या भेटीला मी चाळीस मिनिटे दिली होती. काकाजी ती दीड तासापर्यंत ताणत. कोणत्या वळणावर कोणता खड्डा कोणत्या मणक्यात गेला, हे ते तारखेसह सांगत. मी घड्याळ पाही. ते घड्याळाकडे पाठ करून चहाचे आधण पुन्हा ठेवत.

मध्येच पुण्याहून मुलाचा फोन येई. "हाव रे. दर रविवारी कोराडीले वापस येऊन राहिली," काकाजी सांगत. "तुले खोटं वाटते तं फोटो पाठवतो. वही आहे. पीएच.डी.वाली पाहते ती." आणि वहीच्या पानाचा फोटो तत्काळ पुण्याला जाई.

चौदा आठवड्यांनी मी आलेख काढला आणि खुर्चीत सरळ बसले. दर शनिवारी दुखणे सावनेरला. दर रविवारी संध्याकाळी कोराडीला. मग आठवडाभर ते शिस्तीने एकेक थांबा पुढे सरकत पुन्हा शनिवारी सावनेरला. माझ्या प्रबंधातल्या एकाही आलेखाची चाल इतकी सुबक नाही. इतक्या सुबक आलेखाने चांगल्या संशोधकाची झोप उडायला हवी. मला उत्तम झोप लागली. मी एका परिषदेसाठी शीर्षकसुद्धा योजून ठेवले, 'पारंपरिक श्रद्धा आणि वेदनेची अनुभूती: एका रुग्णाचा अभ्यास'. आता फक्त तुलनेसाठी पायाळू नसलेल्या माणसाची लाथ हवी होती. मी स्वयंपाकघरात गेले. आई मेथी निवडत होती.

"आई, या रविवारी माझ्याऐवजी तू लाथ मारायची," मी म्हणाले. "काकाजी मागे वळून पाहत नाहीत, त्यांना कळणार नाही. पायाळू नसलेला पाय पाहिजे."

"मंग तुयाच पायानं होते की ते," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"तू कुठची वं पायाळू? पायाळू तं तुया दादा. तू सरळ आली होती."

"मी चौदा आठवडे त्या माणसाला लाथा मारतेय. तू एकदाही बोलली नाहीस?"

"मले वाटलं," आई काडी मोडत म्हणाली, "तुमचं काही विज्ञान असन."

शास्त्रीय प्रामाणिकपणाचा तकाजा असा, की चूक कळल्यावर ती लगेच जाहीर करावी. व्यवहाराचा तकाजा असा, की दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती, उपचार लागू पडत होता आणि तो बंद पडला तर काकाजींना चौदाव्या माळ्यावर जावे लागणार होते. शनिवारभर मी दोन्ही बाजू तोलल्या. रविवारी सकाळी काकाजी नेहमीप्रमाणे चौकट धरून उभे राहिले, तेव्हा मी पाय उचलला नाही.

"काकाजी, एक सांगायचं आहे. मी पायाळू नाही. माझी चूक झाली. दादा पायाळू आहे."

ते वळले नाहीत. चौकटीवरची बोटे तशीच होती.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तू झाली तेव्हापासून. तुया आईजवळ दवाखान्यात तुयी काकीजीच होती ना. घरी येऊन पहिले तेच सांगतलं तिनं. पोट्टी झाली, डोकं पुढं, अन् आवाज फाटकापर्यंत. अजूनही तसंच आहे तुयं."

"मग या लाथा कशाला खाल्ल्या?"

आता ते वळले. हळू, एका हाताने भिंत धरून, आधी खांदे आणि मग पाय, असे.

"चहाले बोलावलं असतं तं आली असती?"

मी उत्तर देणार होते, पण आठवले. त्यांनी बोलावले होते. काकीजींच्या तेराव्यानंतर दोनदा, आणि संक्रांतीला एकदा. तिन्ही वेळा मी फाटकातूनच म्हणाले होते, "नंतर येते काकाजी, लॅब आहे."

"पाठ दुखते म्हटलं का लोकं येतेत," काकाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती; रस्त्याची माहिती द्यावी तसे ते बोलत होते. "एकदा येतेत. तेल सांगतेत, जातेत. तेच दुखणं दुसऱ्यांदा पाहाले कोणी येत नाई, अन् त्याईचं काही चूक नाई. लाथेचं बरं होतं. दर आठवड्याले याच लागे तुले."

"आणि वही? दर रविवारी कोराडी?"

ते ओशाळले. "गुण नाई दिसला असता तं तू बंद केलं असतं. तुमचं तसंच राहते ना. अन् पोराले दाखवाले तेच पान कामी येऊन राहिलं होतं."

म्हणजे रुग्णाने निष्कर्ष आधी ठरवला होता आणि त्याला शोभतील अशा नोंदी चौदा आठवडे, दिवसातून दोनदा, सुवाच्य अक्षरात लिहिल्या होत्या. परिषदेतली माझी जागा तिथेच संपली. मला राग यायला हवा होता. मी तो शोधलाही. त्याऐवजी माझ्या लक्षात आले, की ज्या प्रश्नासाठी ही सगळी यंत्रणा उभी केली होती, तो प्रश्न मी या माणसाला एकदाही साधेपणाने विचारला नव्हता.

"काकाजी, खरंच किती दुखतं?"

ते सवयीने म्हणाले, "पाटण..." आणि थांबले. शिलाई मशीनच्या कडेवरून त्यांनी हात फिरवला.

"दुखते वं," ते म्हणाले. "रोजच दुखते. झोप नाई येत."

फोन वाजला. पुण्याहून होता. काकाजींनी तो हातात घेतला, पण उचलला नाही.

"काय सांगू त्याले?"

"खरं सांगा," मी म्हणाले. "आणि हेही सांगा, की उद्यापासून रोज सकाळी सातला शेजारची मुलगी येणार आहे, व्यायाम करून घ्यायला. डॉक्टरकडेही पुन्हा जायचं आहे, मी सोबत येते."

"रोज? अन् तुयी लॅब?"

"लॅब दहाला उघडते."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी अशी वाक्ये बोलते, पण पाळते का, याचा अंदाज ते घेत असावेत. माझा पूर्वेतिहास पाहता तो रास्तच होता. म्हणून मी स्टूल ओढून बसले आणि पोह्यांची बशी स्वतःकडे घेतली. मग त्यांनी फोन कानाला लावला.

"हाव रे," ते म्हणाले. "नाई, बरं नाई आहे. भल्लं दुखते... हो, मी खोटंच सांगत होतो तुले." पलीकडून मुलगा बराच वेळ बोलत होता, आवाज मलाही ऐकू येत होता, शब्द नाही. काकाजी ऐकत होते. मध्येच त्यांनी तर्रीचे भांडे माझ्याकडे सरकवले.

"ऐकून तं घे बापा," ते शेवटी म्हणाले. "एकटा कुठं आहो मी? पोट्टी जेवून राहिली ना इथं."