सातवी सुधारणा

तेरवीच्या मांडवात गिटार आणायला अर्जुनरावांचा विरोध होता. पण ज्याची तेरवी होती त्या शेषरावाच्या बायकोनं, तानाबाईनं, स्वतःहून सांगितलं होतं, आणि तेरा दिवसांत तिनं तोंड उघडून सांगितलेली ती दुसरीच गोष्ट होती. पहिली कोणी ऐकली नव्हती. तेव्हा ही तरी ऐकावी म्हणून मोठे दीर आणि वर गावचे पोलीस पाटील असूनही अर्जुनराव गप्प राहिले.

गिटार वाजवणारा राम धाड गावच्या बॅण्डातला. त्या साली गुलाबी अळीनं बीटी कापसाची बोंडं आतून खाल्ली आणि आसपासची लग्नं पुढं गेली. नवरदेव पुढं ढकलता येतो, मेलेला माणूस येत नाही, एवढं बॅण्डवाल्यांना त्या हिवाळ्यात समजलं. तुळशीचं लग्न झाल्यापासून रामनं एक वरात आणि सात तेरव्या वाजवल्या होत्या. शेषरावाची आठवी. पण हिच्यासाठी त्यानं आधीच सांगून टाकलं होतं की पाकीट घेणार नाही. गावच्या भजनात टाळ-मृदंगाशेजारी गिटारला पहिल्यांदा जागा करून दिली ती शेषरावानं. त्याच्या गळ्यातलं एक भजन रामच्या फोनमध्ये होतं. ते सगळ्यांना ऐकवायचं, एवढंच तानाबाईचं मागणं होतं.

तिचं पहिलं म्हणणं वेगळं होतं. शेषराव फवारणी करताना कापसाच्या पऱ्हाटीतच पडला आणि बुलढाण्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेला. औषधाचे दुकानदार भगवंतराव यांनी धाडच्या बाजारात ज्याला त्याला सांगितलं की दोन जहाल औषधं त्यानं आपल्या मनानं एका पंपात मिसळली. अर्जुनरावांनी पोलिसांना दिलेल्या जबाबातही तेच लिहिलं गेलं. तानाबाई एकटीच म्हणत राहिली की दुकानातून सांगितलं तसंच त्यांनी केलं. पण तिच्याजवळ पुरावा नव्हता, आणि दुकानदार शिकलेला होता. आपल्या हातानं मेला, असं शेषरावाच्या नावापुढं लागलं ते लागलं.

रामजवळचा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, भाकरीच्या टोपलीएवढा होता. खांद्याला अडकवून कुठंही नेता येई. आत एक चिप होती, ती मोठमोठ्या अ‍ॅम्पच्या आवाजांची नक्कल करायची. कंपनी त्याला मॉडेलिंग म्हणायची आणि गाव म्हणायचं, डब्याच्या अंगात येते. धाडच्या अकीलच्या दुकानात कंपनीनं तो वापरून पाहण्यासाठी पाठवला होता. सहा महिने वाजवायचा, मग एक फॉर्म भरायचा: ‘वादक म्हणून आपण कोणत्या सुधारणा सुचवाल?’ खाली सात कोऱ्या ओळी. सात ओळी भरल्या की डबा रामचा.

पहिली ओळ रामला केव्हाच पाठ झाली होती. डबा बंद करून चालू केला की लावून ठेवलेला गोड आवाज तो विसरायचा आणि उठायचा तो थेट किंचाळणाऱ्या आवाजात. मात्र ज्या फोनशी एकदा ओळख झाली त्याला तो जन्मभर विसरत नसे. असा फोन जवळपास आला की डबा कोणाला न विचारता त्याला धरायचा आणि त्या फोनवरचं जे काही असेल ते सांगायला लागायचा.

त्या दिवशी पहिली अडचण निघाली ती वेगळीच. डब्याला ना पाय, ना टेकू. जमिनीवर ठेवला की आवाज सतरंजीत शिरायचा आणि बसलेल्यांच्या फक्त घोट्यांना ऐकू यायचा. रामनं तानाबाईला काहीतरी उंच मागितलं. ती देवघरात गेली, एका खोक्यातल्या वाती सुपात ओतल्या आणि खोकं घेऊन आली. कार्तिकात रोज घरच्या कापसाच्या वाती लावायचं तिचं व्रत होतं. त्या साली निम्म्या वाती किडक्या, गुलाबी डागांच्या निघाल्या होत्या. खोकं औषधाच्या बाटल्यांचं होतं, पण देवाजवळ विषाचं नाव नको म्हणून तिनं त्याला चारी बाजूंनी कॅलेंडरची पानं खळीनं चिकटवली होती. समोर दत्त, मागं महादेव, बाजूंना विठोबा आणि गणपती.

भजन सुरू होतंय तोच भगवंतराव आले. आपल्या दुकानाच्या गिऱ्हाइकाच्या तेरवीला ते सहसा जात नसत, म्हणून लोकांना बरं वाटलं. त्यांनी तानाबाईला दुरून हात जोडले, खोक्यावरच्या दत्ताला वाकून नमस्कार केला आणि मग म्हशीची चौकशी करायला गोठ्यात गेले. थोड्या वेळानं पुन्हा गेले. म्हैस भाकड होती.

“शेठले म्हशीचा लय जिव्हाळा दिसते,” डफ घेऊन बसलेला अकील रामच्या कानाशी पुटपुटला.

“गप बे. वाजव.”

दुसऱ्या भजनाच्या अर्ध्यावर डबा मेला. किती चार्ज उरलाय ते सांगणारा दिवा कंपनीनं दिलेला नव्हता. अकीलनं अर्जुनरावांच्या घरातून वायर ओढून आणली, पण डब्याची पिन एवढी ढिली की ती बोटानं दाबून धरावी लागली. पिन बसली, डबा जागा झाला. रामचा हात तारांवर होता. मांडवात असा काही आवाज निघाला की पुढच्या रांगेतली एक म्हातारी बाजूच्या बाईच्या मांडीवर जाऊन पडली आणि भटजींच्या हातची पळी ताम्हनात न पडता पितळी तांब्यावर आपटली.

“राम,” अर्जुनराव दबल्या आवाजात म्हणाले, “मेलेल्याले तं सुखानं जाऊ दे.”

रामनं घाईघाईनं आवाज बारीक करून गिटार खाली ठेवली. आता शेषरावाचं भजनच लावून मोकळं व्हावं असं त्यानं ठरवलं. त्यानं फोन काढून बटण दाबलं. डबा ढिम्म. पुन्हा दाबलं. रामचा फोन एकटाच त्याच्या हातात बारीक आवाजात गाऊ लागला.

त्याचं कारण चार हातांवर बसलं होतं. दसऱ्याला भगवंतरावांच्या नव्या गोदामाची पूजा झाली तेव्हा याच डब्यावर त्यांच्या फोनमधली गाणी वाजली होती. डबा मेला, परत उठला आणि उठल्याउठल्या जुन्या ओळखीला जाऊन भेटला. हे भगवंतरावांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

त्यांना त्याच वेळी दुकानातल्या माणसाचा निरोप आला, बोलून पाठवलेला. मांडवात उघड ऐकणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांनी फोन कानाला लावला. फोनमधून काहीच येईना. मागं खोक्यावर डबा मात्र काहीतरी पुटपुटला, पण बायकांच्या रडण्यात ते कोणाला कळलं नाही. भगवंतरावांनी दुसऱ्या कानात बोट घातलं, फोनचा आवाज पार शेवटापर्यंत वाढवला आणि निरोप परत पहिल्यापासून लावला.

“शेठ,” दत्तमहाराजांच्या डोक्यावरून खणखणीत आवाज आला, “खोकं घावलं का नाही? पाह्यजा बरं गोठ्यात नीट. तुमच्याच हातचं लिहेल हाये त्याच्यावर, दोन्ही औषधं एकाच पंपात टाकजो म्हून. इथं जो इचारते त्याले मी तुम्ही सांगतलं तसंच सांगून राह्यलो, का शेषरावानं मनानं मिसळलं. पाटलाचा जबाब तं झालाच. आता फक्त तेवढं खोकं—”

भगवंतरावांच्या कानात अजून बोटच होतं. सगळे आपल्याकडं का पाहताहेत ते त्यांना आधी उमगलं नाही. उमगलं तेव्हा त्यांनी फोनवर जिथं सापडेल तिथं अंगठा मारला, आणि डब्यानं दुसरा निरोप सांगायला घेतला.

“आणि शेठ, येतांना त्याच औषधाच्या गाडीची चौकशी करजा. रोहिणखेडचे लोक मांगून राह्यले.”

अकीलनं पिनवरचं बोट काढलं नाही. पिन सुटली असती तर डबा गप्प झाला असता. नंतर त्यानं खूपदा सांगितलं की ते बोट आपण नाही, वरून कोणीतरी दाबून धरलं होतं.

तानाबाई उठली. तिनं डबा उचलून रामच्या मांडीवर ठेवला, खोकं पुढ्यात घेतलं आणि पाणी लावून देव एकेक करून अलगद सोडवू लागली. फाडले नाहीत. दत्त निघाला, विठोबा निघाला, गणपती निघाला, खाली छापील कवटी तेवढी होती. मागचा महादेव निघाला तेव्हा त्याच्याखाली निळ्या बॉलपेननं लिहिलेल्या दोन ओळी दिसल्या. तिला अक्षर येत नव्हतं. वाती भरताना ते गिरगटलेलं तिनं पाहिलं होतं, आणि त्यावरच तर खळ लावली होती.

तिनं खोकं दिरापुढं धरलं. “वाचा, भाऊजी.”

अर्जुनरावांनी वाचलं. पहिल्यांदा मनात, मग खोकं भटजींपुढं सरकवलं आणि भटजींनी ते मोठ्यानं वाचलं. भगवंतराव चपला शोधत होते. त्यांच्या पायात सापडल्या त्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या.

“मी माझ्या सख्ख्या भावाच्या विरोधात सही केली,” अर्जुनराव म्हणाले. ते कोणाला म्हणाले ते समजलं नाही.

तेवढ्यात अकीलच्या बोटाखालची पिन सुटली आणि डब्यातला जीव गेला. शेषरावाचं भजन राहून गेलं. रामनं फोनवरच लावतो म्हटलं, पण तानाबाईनं मान हलवली. “राहू दे, राम. आज ते गायले नाही, बोलले.”

पुढं जबाब बदलला. जमादारानं खोकं जप्त करून कागदावर लिहिलं: खोके एक, देव चार. देव मात्र तानाबाईनं परत मागून घेतले. भगवंतरावांच्या दुकानाला महिनाभर कुलूप होतं, मग पुतण्याच्या नावाची पाटी लागली आणि आत तेच भगवंतराव बसू लागले. पण बाजारात आता कोणी ‘आपल्या हातानं मेला’ म्हणत नसे. निदान तानाबाईच्या देखत नाही.

होळीच्या आधी राम अकीलच्या दुकानात फॉर्म भरायला बसला. लावलेला आवाज डब्यानं लक्षात ठेवावा. किती चार्ज आहे ते सांगणारा दिवा असावा. पिन घट्ट असावी. उठताना किंचाळू नये. टेकू असावा. खांद्याचा पट्टा रुंद करावा. सहा ओळी झाल्या.

“सातवी तं सोपी हाये,” अकील म्हणाला. “न इचारता कोणाचाबी फोन धरू नये.”

बाजाराला आलेली तानाबाई बाकावर टेकली होती. “ते नको लिहू, बाप्पा,” ती हळूच म्हणाली. “राहू दे त्याचा तेवढा गुण.”

रामनं सातवी ओळ कोरी सोडली.

पावसाळ्यात, नव्या बियाण्याच्या जाहिराती लागल्या तेव्हा कंपनीचं पत्र आलं. रामनं ते तानाबाईच्या ओसरीवर बसून वाचून दाखवलं. आपल्या सहा सूचना विचाराधीन आहेत. नव्या मॉडेलमध्ये तूर्त एकच सुधारणा केली असून यापुढं अ‍ॅम्प परवानगीशिवाय कोणताही फोन जोडणार नाही. ही त्रुटी कंपनीच्या वरिष्ठांच्या स्वतःच्याच लक्षात आली.

तानाबाई वाती वळत होती. हातातली वात पुरी झाल्यावर तिनं ती सुपात ठेवली.

“म्हणजे तिथंबी,” ती म्हणाली, “कोण्या शेठचा फोन धरला असंन त्यानं.”