राष्ट्राध्यक्षांची सर्दी

विनोद सांगायच्या आधी आमचे बापटकाका खिडक्या लावून घेतात. सिंगापुरात, टॅम्पिनीसमधल्या त्यांच्या दहाव्या मजल्यावरच्या घरी ऐकायला फार तर एखादी मैना येईल, पण काका कुजबुजतात, "भिंतींनाही पगार चालू असतो."

काका पूर्वी जहाजावर इंजिनिअर होते, आता तुआसच्या शिपयार्डात आहेत. दर महिन्याला आम्हा मराठी मंडळींच्या बैठकीत ते आफ्रिकेतल्या एका काल्पनिक राष्ट्राध्यक्षाच्या गोष्टी सांगतात. सगळ्यात गाजलेल्या गोष्टीत राष्ट्राध्यक्षांना सर्दी होते आणि साऱ्या देशाने शिंकावं असा हुकूम निघतो. जो शिंकतो तो नक्कल केली म्हणून आत. जो शिंकत नाही तो सहानुभूती नाही म्हणून आत. शेवटी सगळा देश तुरुंगात, आणि बाहेर एकटे राष्ट्राध्यक्ष नाक ओढत उभे.

लोक हसून लोळतात. माझी बायकोसुद्धा. आता बैठकीत विनोदी लेख मीही वाचतो. माझा कॉन्डोच्या स्विमिंग पूलवरचा लेख चालू असताना हिने शेजारणीला इडलीचं पीठ कुठे मिळतं ते विचारलं होतं. लेक तर तोंडावर तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, अंकल फनियर लाह."

गेल्या बैठकीला मी ठरवूनच हसलो नाही. दात आवळून बसलो. सगळे गेल्यावर काकांना गाठलं. या गोष्टी कुठून ढापल्या, एवढंच विचारायचं होतं. काका बाल्कनीत फोनवर कोणाला तरी इंग्रजीत सांगत होते, "आज लोक खूप हसले. शिंकेला तर फारच."

मला बघून म्हणाले, "मार्था आहे. गोष्टी हिच्या नवऱ्याच्या, जोसेफच्या. माझ्या जहाजावर होता. इंजिनरूमचं दार लावून सांगायचा. सुट्टीला आफ्रिकेत आपल्या देशी गेला, तिथे ही सर्दीची चारचौघांत सांगितली. घरातून उचलून नेलं. त्यानंतर पत्ताच नाही."

मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "हे आमचे लेखक," त्यांनी तिला आधीच सांगून टाकलं होतं.

पलीकडून तिने विचारलं, "खरंच हसतात का लोक? की बापट माझं मन राखतात?"

"माझी बायको हसली," मी म्हणालो.

"कशी?"

मी सांगू लागलो. आधी ती पदर तोंडाला लावते, मग खांदे हलायला लागतात, आवाज सगळ्यात शेवटी फुटतो. हे सगळं मी दर महिन्याला जळफळत पाहिलेलं, त्यामुळे बारीकसारीक पाठ होतं.

काकांनी चष्मा काढला आणि थांबू नका, बोलत राहा, असं हातानेच खुणावलं.