एका कानाने केलेला माहितीपट

माझ्या हेडफोनचा डावा कान लेकीने चावून निकामी केला, तेव्हा मी एक शहाणपणाचा निर्णय घेतला: नवीन घ्यायचा नाही. (माझे शहाणपणाचे निर्णय पुढे नेहमी मान खाली घालूनच सांगावे लागतात.) उजव्या कानाने काम ऐकायचं, डावा पाळण्याकडे ठेवायचा. दहा महिन्यांचं मूल घरात असताना दोन्ही कान एकाच कामाला लावणं ही चैन झाली.

काम म्हणजे माझा पहिला माहितीपट, मधमाश्या पाळणाऱ्या नऊ बायकांवरचा. तीन वर्षं त्यांच्या पेट्यांभोवती फिरले. त्यातले नऊ महिने तर पोटात लेक आणि पोटावर कॅमेरा. त्यांच्या म्होरक्या आक्का. माझ्याआधी कुणी चॅनेलवाले येऊन जाळीच्या टोप्यांतल्या या बायकांमागे सर्कशीतलं संगीत वाजवून गेले होते. म्हणून आक्कांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "पोरी, आम्हाला बघून कुणी दात काढता कामा नये. जमत असेल तर थांब, नाहीतर हीच वाट परत जाते."

मी शब्द दिला.

निवेदन घरीच केलं, कपड्यांच्या कपाटात बसून. (लोकरीच्या कोटांत आवाज घुमत नाही. शिंका मात्र येतात.) रेकॉर्डरला दोन माईक: एक माझ्या तोंडाकडे, दुसरा दाराकडे. दाराकडच्याने टिपलेलं सगळं डाव्या बाजूला जाऊन बसलं. आणि माझ्या डाव्या कानाचं तर तुम्हाला ठाऊकच आहे.

पहिल्या खेळाला थिएटर भरलं. पुढच्या रांगेत नऊजणी, ठेवणीतले कपडे घालून, परीक्षेला बसल्यासारख्या. माझ्या शेजारी नवरा, त्याच्या मांडीवर लेक, पलीकडे सासूबाई. मागे चष्मेवाल्या बाई, म्हणजे चॅनेलसाठी माहितीपट विकत घेणाऱ्या.

अंधार झाला. माश्या गुणगुणल्या. माझा धीरगंभीर आवाज आला, "पोळ्यात राणी एकच असते."

आणि डाव्या भिंतीतून खणखणीत, "माझे डबे कुणी हलवले?"

मी दचकून पाहिलं. सासूबाईही ऐकत होत्या. "अगं, ही बाई अगदी माझ्यासारखी बोलते," त्या कौतुकाने म्हणाल्या.

"कामकरी माशीला क्षणाचीही उसंत नसते."

"तासभर कपाटात आहे. डोळा लागला असेल."

"अन्न गोळा करायला नर कधीच जात नाहीत."

"आई, माझं जेवण कुठे ठेवलंय?"

हशाने थिएटर कोसळलं. नवरा लेकीच्या झबल्यामागे लपला. पुढच्या रांगेत नऊच्या नऊ जणींचे खांदे गदगदा हलत होते. बायका रडताहेत, मला वाटलं. गेला माझा शब्द! मी वाकून, चार लोकांचे पाय तुडवत प्रोजेक्टरच्या खोलीत घुसले.

"बंद करा! डावी बाजू बंद करा!"

"ताई, अर्ध्या माश्याही जातील," ऑपरेटर पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "थांबा जरा, आता तुमचे मिस्टर बाळाचा लंगोट बदलणार आहेत."

"तुम्हाला काय माहीत?"

"दुपारी तपासायला लावला होता ना, तेव्हा पूर्ण पाहिला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, हीच गोष्ट आहे. माश्या आपल्या जोडीला."

उरलेला वेळ मी तिथेच एका स्टुलावर काढला. दिवे लागले, टाळ्या झाल्या, आणि मी अपराध्यासारखी आक्कांपुढे उभी राहिले.

"आक्का, चुकलं माझं. अख्खं थिएटर हसलं हो."

"हसलं की! आम्ही पण हसलो." त्यांनी डोळे पुसले. "पण आमच्याकडे बघून नाही, तुझ्या घराकडे बघून. मी उघड्या हाताने पोळं उचललं तेव्हा? ऐकलंस? टाचणी पडली असती तरी कळलं असतं."

"म्हणजे तुम्ही रागावला नाहीत?"

"राग कसला? तुझा संसार इतका खुळा नसता, तर आम्ही इतक्या शहाण्या दिसलो असतो का?"

हे कौतुक आहे की काय, ते ठरवायच्या आत चष्मेवाल्या बाई आल्या. "तुमचा माहितीपट आम्ही घेतोय," त्यांनी माझा हात हातात घेतला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षं! "फक्त एक दुरुस्ती हवी."

"कळलं, कळलं!" मी घाईने म्हणाले. "घरातले आवाज उद्याच्या उद्या काढते."

"अहो, नका! ते तर हवेतच. पण मधूनमधून एक बाई उगाच गंभीरपणे काहीतरी सांगत राहते ना, तिला काढा. तिच्यापायी सासूबाईंचं धड ऐकू येत नाही."