चढणाऱ्याला वाट

मी नसलेला गोल दिला. भर उजेडात, दोन गावांसमोर दिला आणि वर शिट्टीही जोरात फुंकली.

तो गोल ज्यांच्या फायद्याचा, त्या दिलावरभाईंनीच तो फेडून टाकला. माणूसच तसा. तुडीलच्या दिलावरभाईंनी महाबळेश्वरच्या घाटात उभा जन्म ट्रक चालवला, आता गावच्या पोरांना फुटबॉल शिकवतात. टीव्हीवर परदेशातली मोठी मॅच असली की निम्मं गाव त्यांच्या ओटीवर. पण एखादा खेळाडू न लागताच लोळायला लागला, की दिलावरभाई उठून टीव्हीच बंद करतात. "गाडी बाजूला घेतली," म्हणतात. "इंजिन थंड होऊ दे." विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला एक गोल आमचा असाच बुडाला. शेजारच्या घरातला ओरडा तेवढा ऐकला.

त्यांची सगळी समीक्षा घाटातली. तिघाचौघांना चकवत जाणारा दिसला, की म्हणणार, "आंबेनळी घाटाची वळणं घेतोय, पण कुणाच्या आरशाला आरसा लागू देत नाय." मागून पाय घालणारा म्हणजे वळणावर ओव्हरटेक करणारा. टाळ्या मात्र दोन्हीकडच्या गोलांना, तेही उभं राहून. तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे, असं मी एकदा विचारलं.

"चढणाऱ्याच्या. घाटात चढणाऱ्याला वाट द्यायची. उतरणारा थांबला तर त्याचं काय जातं?"

मला काही कळलं नाही. मी मान डोलावली.

हाव म्हणाल तर त्यांना एकच होती. दरवर्षीच्या स्पर्धेत पोलादपूरला हरवून चषक तुडीलला आणायचा. मुलगा इरफान कप्तान होता तेव्हा अंतिम सामन्यात हरला आणि पुढच्याच महिन्यात नोकरीसाठी कुवेतला गेला. त्यानंतरही दरवर्षी चषक पोलादपूरलाच.

यंदा अंतिम सामन्यात पुन्हा तीच दोन गावं समोरासमोर, भात कापलेल्या शेतात. रेफ्री मी, कारण दुसऱ्या कुणाकडे शिट्टी नव्हती. गोलच्या खांबांना नदीवरचं मासे धरायचं जाळं बांधलेलं. संपायला थोडाच वेळ उरला, गोल एकही नाही. तुडीलच्या समीरने कडेवरून फटका मारला आणि चेंडू बाजूच्या जाळ्याला पडलेल्या भोकातून आत घुसला. त्याच क्षणी मी बुटात शिरलेलं धसकट काढत होतो. मान वर केली तर चेंडू जाळ्यात. दिली शिट्टी.

तुडील नाचायला लागलं. एकटे दिलावरभाई नाचले नाहीत. ते सरळ माझ्याकडे आले.

"भाऊ, गोल नाय. बाहेरून आत गेलाय."

मी भोक पाहिलं. चूक कळलीसुद्धा. पण पोलादपूरकर माझ्या कुळाचा उद्धार करत होते, अशा वेळी माघार घेतली तर राहिलेली अब्रूही जायची. रेफ्रीचा निर्णय अंतिम असतो, असं मी छाती काढून सांगितलं.

"बरं," दिलावरभाई म्हणाले आणि पोरांकडे वळले. "वाट द्या रे त्यांना."

पोरांचे चेहरे पडले, पण गोलकीपरसकट सगळी बाजूला सरली. पोलादपूरचा कप्तान चेंडू घेऊन निघाला. यात काही डाव असेल म्हणून वाटेत दोनदा थांबला आणि शेवटी रिकाम्या गोलात चेंडू ढकलून आला. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं बांधावरून गावचेच लोक बोलले. हातातला चषक निसटला होता.

मग समीरने सगळा राग पायात उतरवला. डावं वळण, उजवं वळण. तिघे मागे पडले, धक्का एकालाही नाही, आणि गोल समोरून, अगदी मधोमध. या खेपेला मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. पहिली टाळी पोलादपूरच्या कप्तानाची. शिट्टी झाल्यावर दिलावरभाईंना खांद्यावर घेतलं तेही त्यानेच. तुडीलकरांनी अपशकुन नको म्हणून ढोल आणलाच नव्हता. पोलादपूरचाच वाजला.

माणसं पांगल्यावर बांधापलीकडे लावलेली स्कूटर घ्यायला गेलो, तर मैदानात दिलावरभाई एकटेच. काखेत चषक, हातात फोन. इरफानला मॅच दाखवत होते, म्हणजे स्वतःच खेळून दाखवत होते. धसकटांतून वळणं घेत गोलपाशी पोचले आणि धापा टाकत फोन जमिनीकडे धरला.

"इथनं मारला बघ. तू पण इथनंच मारलेलास ना, खांबाला लागलेला?"

 पलीकडून बारीक आवाजात, "हां अब्बा."

दिलावरभाईंनी बाहीने तोंड पुसलं. घाम असावा. तेवढ्यात मी त्यांना दिसलो आणि त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. इरफानने मला न्याहाळलं.

"अब्बा, आंधळा रेफ्री तो हाच काय?"

"हाच," दिलावरभाई म्हणाले. "थांब, जवळ धरतो. नीट बघून घे."