टाकीचा कॉक

"बाबा, इथं तुम्ही काहीही करायचं नाही. फक्त आराम!" असं धम्मपालनं विमानतळावरच बजावलं, तेव्हाच दादाराव धास्तावले. जन्मभर वीज मंडळाच्या खांबांवर चढलेला माणूस. आराम म्हणजे त्याला शिक्षाच.

धम्मपाल जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराख या गावातल्या एका कंपनीत इंजिनियर होता, पण भाड्याचं घर जवळच्या खेड्यात. तिथं गॅसची लाइन नव्हती. बागेत प्रोपेनची भलीमोठी टाकी, आणि तिच्यावर तळघरातला बॉयलर चालून घर तापायचं.

"अगं, केवढा हा सिलिंडर!" दादाराव बायकोला, गयाबाईंना, म्हणाले. "आणि रात्रभर चालूच?"

"मग सांगा ना पोराला."

"सांगितलं. हसला."

आता झोपण्यापूर्वी सिलिंडर बंद करायचा, हा दादारावांच्या घरचा नेम. लग्नघरातून दमून आले तरी चुकला नव्हता. तो जर्मनीत कसा चुकेल? जेवणानंतर शतपावलीला म्हणून ते बागेत जायचे, टाकीचं झाकण उचलून कॉक बंद करायचे आणि निर्धास्त झोपायचे. पहाटे बर्फ झाडायला म्हणून बाहेर पडून तो परत उघडायचे. "बाबा काय छान बर्फ काढतात!" असं सून प्राची म्हणायची, आणि दिवसभरात त्यांच्या वाट्याला येणारं कौतुक ते एवढंच.

एवढ्यासाठी ते थंडी सोसत नव्हते म्हणा. चौदा एप्रिलला तिकडच्या मंडळींनी जयंती ठेवली होती आणि पंचशीलावर भाषण दादारावांचं होतं. रोज दुपारी आरशासमोर तालीम चालायची. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की त्यांचा आवाज हमखास चढायचा.

इकडे बॉयलरनं मात्र धम्मपालच्या नाकी नऊ आणले. रोज सकाळी घर गारठलेलं आणि बॉयलरवर लाल दिवा. बटण दाबलं की बिचारा निमूट चालू. मेकॅनिक यायचा दुपारी, सगळं तपासायचा आणि खांदे उडवून जायचा.

"रात्रीच बंद पडतो म्हणजे काय? भुताटकी आहे का?" धम्मपाल चिडून म्हणायचा.

दादारावांना हळूहळू शंका यायला लागली होती. पण एवढ्या शिकलेल्या मेकॅनिकला जे सापडत नाही, ते आपल्यामुळे कसं असेल?

एका शनिवारी मात्र कॉक उघडलेला असून, बटण दाबूनही, रोजच्या बंद-चालूनं थकल्यासारखा बॉयलर हूं की चूं करेना. मेकॅनिक सोमवारशिवाय यायला तयार नव्हता. तेव्हा धम्मपालनं शेडमधून अंगणातली छत्रीवाली गॅसची शेगडी ओढत आणली, सिलिंडरसकट हॉलमध्ये उभी केली आणि पेटवली.

"अरे, ही बाहेरची वस्तू. खिडकी तरी उघड," दादाराव म्हणाले.

"बाबा, घर तापवायला शेगडी लावायची आणि खिडकी उघडायची? तुम्ही बसा हो!"

दादाराव बसले. कॉकचं सांगून टाकावं, असं आता ओठावर आलं होतं. तेवढ्यात गयाबाई कपाळ दाबून म्हणाल्या, "अहो, डोकं फार ठणकतंय. मळमळतंय." प्राचीचाही चेहरा उतरलेला. दादाराव ताडकन उठले, खिडक्या धाडधाड उघडल्या आणि बायकोला दंडाला धरून बर्फात नेलं. त्याच क्षणी भिंतीवरचा विषारी वायूचा अलार्म किंचाळायला लागला. शेजारणीनं अग्निशमन दलाला फोन केला, आणि बघता बघता लाल गाडी, शिड्या, ऑक्सिजन, कुंपणापाशी अख्खी गल्ली आणि सगळ्यांपुढे घरमालक!

जवानानं शेगडीकडे बोट दाखवून काहीतरी दरडावून विचारलं. धम्मपालनं जवानाकडे पाहिलं, घरमालकाकडे पाहिलं, आणि हात केला तो थेट दादारावांकडे. "माइन फाटर. आउस इंडिएन."

दादारावांना जर्मन येत नव्हतं, पण 'माझे वडील, भारतातले' एवढं समजायला भाषा कशाला लागते? कानाखाली बसावी तसे ते उभे राहिले. जवान त्यांच्यासमोर बोट नाचवत सावकाश बोलत राहिला आणि ते ऐकून ऐकून पाठ झालेलं "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत मान डोलावत राहिले. ओठावर आलेलं कॉकचं त्यांनी गिळून टाकलं.

"काय म्हणाला हो तो?" गयाबाईंनी विचारलं.

"शाबासकी दिली."

जाताना जवान बागेत गेला, टाकीचं झाकण उचललं आणि कॉक बंद केला. दादाराव नुसते बघत राहिले.

दोन दिवसांनी धम्मपाल खाली मान घालून म्हणाला, "बाबा, घरमालक ऐकत नाहीये. तुम्ही असेपर्यंत त्याला घराची भीती वाटते. तुमचं परतीचं तिकीट जरा आधीचं घेतलंय."

"जयंतीच्या आधी?"

"हो."

एप्रिलमध्ये फोन आला तेव्हा गयाबाई भांडी आवरत होत्या. धम्मपाल खुशीत होता. "बाबा, घरमालकानं नवा बॉयलर बसवला. तुम्ही गेल्यापासून एकदाही बंद पडला नाही! जुन्यातच फॉल्ट होता बघा."

"असेल," दादाराव म्हणाले.

"आणि जयंतीला भाषण मलाच करायला सांगितलंय. तुमचंच वाचतो. व्हॉट्सॲपवर पाठवलंत ना, त्यात चौथ्या शीलाचं पान पुसट आलंय. तेवढं परत पाठवा."

दादारावांनी फोन या कानावरून त्या कानाला लावला. मग म्हणाले, "राहू दे रे. बाकीची चारच सांग. ते चौथं आपल्या दोघांनाही जमलेलं नाही."

फोन ठेवून ते स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी सिलिंडर बंद केला.