दहापैकी किती?

टायपिंगच्या खोलीत फॉर्म वाटले गेले आणि मोठ्या बाईंनी पेन्सिलीनं बेधडक नऊ लिहून टाकले. ‘स्वतःच्या कामाला दहापैकी किती गुण द्याल?’ एवढाच प्रश्न. पण त्यावरून खोलीचं प्रमुखपद ठरणार होतं. संगणक यायचे होते तेव्हा. बाईंची बावीस वर्षं खटखटीत गेलेली. पाच कार्बन घातले तरी शेवटची प्रत स्वच्छ वाचता यावी, असा त्यांचा हात. आणि खोलीत दुसरं होतं कोण? पंधरवड्यापूर्वी आलेली एक पोरगी. लालभडक नखं! नखं रंगवणाऱ्या पोरी काय टाइप करणार, हे बाईंनी ती दारातून आत येतानाच ठरवलं होतं.

तेवढ्यात नखंवालीचं यंत्र सुरू झालं. ताडताड, ताडताड. श्वास घ्यायलाही थांबेना. बाईंनी मान वळवून वळवून दहा मिनिटं पाहिलं आणि नऊ खोडून आठ केले.

पाणी घेऊन आलेला शिपाई थबकला. “काय स्पीड आहे हो पोरीचा!”

“का? माझा नाही?”

“आहे की, बाई. पण तुमचं कसं शांत असतं. ऐकता ऐकता डोळा लागतो.”

सात.

दुपारी नखंवाली हात धुवायला गेली, तशा बाई तिच्या यंत्राशी पोचल्या. कागदावर एक शब्द धड नव्हता. अक्षरांचा नुसता पाचोळा! बाईंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सात खोडून त्यांनी दहाच लिहिले.

“पाहिलंत ना, काकू?” मागून रडवेला आवाज आला. “सकाळपासून तुम्ही सारख्या माझ्याकडे बघत होतात. थांबले तर म्हणाल, हिला काही येत नाही. म्हणून बोटं नुसती चालू ठेवली. मी स्वतःला दोन दिलेत. तुमच्यासमोर बसून आणखी किती देणार?”

‘काकू’ बाईंना चांगलंच झोंबलं. पण शेवटचं वाक्य ऐकून त्या विरघळल्या. “दोन काय, वेडे! सहा लिही. चुणचुणीत आहेस तू.” मग ओशाळून स्वतःचे दहा खोडायला गेल्या, तर कागदाला भोकच पडलं.

नवा फॉर्म मागायला त्या साहेबांकडे गेल्या. साहेब भारी करडे. माणूस आत आला की एका नजरेत त्याची किंमत करणारे. पण आज त्यांनी घाईघाईनं एक कागद हाताखाली दडपला. टेबलभर खोडरबराचा चुरा पडला होता.

“बाई, वरून मलाही हा फॉर्म आलाय,” साहेब हळूच म्हणाले. “शेजारच्या खात्याच्या साहेबांनी किती लिहिलेत, कानावर आलं का काही?”

“सात म्हणतात.”

“सात? त्यांनी? आणि मग मी?”

बाईंना एकदम त्यांची दया आली. “तुम्हाला नऊच्या खाली शोभत नाहीत, साहेब.”

साहेबांचा चेहरा उजळला. “माणसाची पारख आहे तुम्हाला! उद्यापासून खोली तुम्हीच सांभाळा.”

“पण माझा फॉर्म…”

“कशाला हवा? तुमचं काम मला दिसतंच की!”

टायपिंगच्या खोलीत साहेबांनी आजवर एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. बाई मात्र तरंगतच बाहेर आल्या. साहेबांची नजर अचूक असते, याबद्दल त्यांच्या मनात आता तिळमात्र शंका उरली नव्हती.