सगळ्यांचे हात वर

इमारतीची लिफ्ट बंद पडली आहे, ही गोष्ट व्यवस्थापन समितीने कधीही नाकारली नव्हती. समितीचं म्हणणं एवढंच होतं, की लिफ्ट बंद पडल्याचं सर्वसाधारण सभेने अद्याप मान्य केलेलं नाही. आणि जी बंद पडल्याचं मान्य नाही, ती दुरुस्त करणं नियमबाह्य ठरेल. सभा बोलावली जाई, पण गणपूर्ती होत नसे. सभेच्या वेळी प्रत्येक सभासद खिडकीतून खाली डोकावून कोणी जमलंय का ते बघे, आणि कोणीच दिसलं नाही की निर्धास्त मनाने पडदा ओढून घेई. खाली हॉलमध्ये चेअरमन आणि सेक्रेटरी एकमेकांसमोर बसून सभा तहकूब करत.

याचा सगळ्यात जास्त जाच पाचव्या मजल्यावरच्या सेनापतीला होत होता. सेनापती हे इमारतीने त्याला ठेवलेलं नाव. पोटासाठी तो चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायचा, आणि उरलेल्या वेळात बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक रंगवायचा. ते टेबलावर मांडून, फासे टाकून लढाई खेळायची, असा तो खेळ. सुट्टीच्या दिवशी त्याचा मित्र, दातांचा डॉक्टर, आपलं सैन्य बुटांच्या खोक्यात घालून येई आणि दोघं संध्याकाळपर्यंत एकमेकांचा बीमोड करत. लिफ्ट बंद पडल्यावर डॉक्टरचं सैन्य पहिल्या जिन्यावरूनच माघारी फिरू लागलं.

पण ते एक वेळ चाललं असतं. खरी अडचण सासऱ्यांची होती. ते लेकीकडेच राहायचे. कंबरेचं हाड मोडून जोडलेलं, त्यामुळे जिने उतरणं अशक्य. खाली औषधांच्या दुकानासमोरच्या बाकावर त्यांची दोस्तमंडळी रोज बसायची. सासरे गॅलरीतून हात हलवायचे. दोस्त वर बघत नसत, कारण त्या वयात माना वर होत नाहीत.

"जावईबापू," सासरे म्हणायचे, "एवढं मोठं सैन्य बाळगून आहात, आणि एक लिफ्ट हलवता येत नाही तुम्हाला!"

अखेर सेनापतीच्या बायकोने रोज फोन करून चेअरमनना भंडावून सोडलं, तेव्हा ते सेक्रेटरीला घेऊन परिस्थितीची प्रत्यक्ष पाहणी करायला पाच मजले चढून आले. दोन ग्लास पाणी प्यायल्यावर त्यांना बोलता येऊ लागलं, आणि मग त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. टेबलावर सैन्य मांडलेलं होतं.

"एवढी माणसं एका जागी जमली कशी?" चेअरमननी विचारलं.

"मी ठेवली," सेनापती म्हणाला.

"आणि मधूनच उठून जात नाहीत?"

"नाही."

"चहा मागत नाहीत? पार्किंगचा विषय काढत नाहीत?"

"प्लास्टिकची आहेत हो ती."

चेअरमननी सेक्रेटरीकडे पाहिलं. सेक्रेटरीला नियमावली तोंडपाठ होती. तो म्हणाला, "सभासदाने स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत उपस्थित राहावं, असं लिहिलंय. प्रतिनिधीची उंची किती असावी, हे कुठेही दिलेलं नाही."

ठरलं असं, की सेनापतीने प्रत्येक सभासदाची प्रतिकृती रंगवून द्यावी. त्या हॉलमधल्या टेबल टेनिसच्या टेबलावर मांडाव्यात. गणपूर्ती झाली, की लिफ्टचा विषय पहिला. सेनापतीला हे जरा विचित्र वाटलं. पण सासरे गॅलरीत बसले होते. शिवाय, खरं सांगायचं तर, त्याच्या रंगकामाला 'बाहुल्या' न म्हणणारा माणूस त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता.

घरात न रंगवलेला एकच खोका शिल्लक होता, भालाफेक्यांचा. उजवा हात उंच उगारलेला, मुठीत भाला. सेनापतीने कटरने भाले छाटले. भाला छाटला, की उरतो तो हात वर केलेला एक सज्जन माणूस. मग चिलखतावर पुट्टी चढवून त्याचे शर्ट केले, महिला सभासदांना पुट्टीचेच केस लावले. आधी काळं अस्तर, त्यावर पाण्यासारखे पातळ थर, कपड्यांच्या घड्यांत उतरणारा गडद रंग, वरच्या कडांवर कोरड्या ब्रशचा फिकट हात. आणि सगळ्यात शेवटी, भिंगाच्या दिव्याखाली श्वास रोखून, डोळे.

बातमी फुटली आणि एरवी सभेला चार पायऱ्या न उतरणारे सभासद पाच मजले चढून येऊ लागले. तळमजल्यावरच्या काकूंना आपल्या केसांतला पांढरा रंग मान्य नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या व्यायामपटूला खांदे कमी पडत होते. त्याच्या शेजाऱ्याची स्वतःच्या प्रतिकृतीबद्दल काहीच तक्रार नव्हती. फक्त व्यायामपटूची प्रतिकृती तिच्यापेक्षा उंच असता कामा नये, एवढंच. एका संध्याकाळी तर खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

"अहो, अख्खी इमारत इथे आहे," सासरे ओरडले. "आत्ताच घेऊन टाका की सभा!"

"सभेला कुठला वेळ आहे, बाबा?" काकू म्हणाल्या, आणि नाक जरा सरळ करून घेण्यासाठी रांगेत थांबल्या.

सभा झाली. इमारतीच्या इतिहासात प्रथमच गणपूर्ती झाली. लिफ्ट बंद पडली आहे, हा ठराव चेअरमननी मांडला, आणि टेबलाकडे पाहून ते क्षणभर गहिवरले. सगळ्यांचे हात वर होते. दुरुस्तीचा ठरावही त्याच दमात मंजूर झाला. तिथेच सभा संपायची, पण हात वरच होते. एवढे वर झालेले हात वाया घालवणं चेअरमनना बरं वाटेना. म्हणून त्यांनी आपली मुदत वाढवून घेतली. मग गच्चीची किल्ली आपल्याकडे घेतली. मग, दुरुस्तीआधी लिफ्टसमोरची भिंत सुशोभित व्हावी आणि तोवर दुरुस्ती थांबवावी, असा सेक्रेटरीचा ठराव आला. तोही एकमताने मंजूर. सेक्रेटरीचा मेहुणा भिंती सुशोभित करायचा.

नोटीस वाचून सेनापती तडक चेअरमनच्या घरी गेला.

"दुरुस्ती थांबवली? मला न विचारता?"

"असं कसं? तुम्ही बाजूने मत दिलंत," चेअरमन शांतपणे म्हणाले.

"मी तर दुकानात होतो!"

"तुम्ही पहिल्या रांगेत होता. निळा शर्ट. हात इतरांपेक्षा जरा जास्तच वर होता."

"अहो, तो भाला फेकतोय!"

"सभेच्या इतिवृत्तात भाल्याचा उल्लेख नाही."

पुढच्या सभेला सेनापती स्वतःच्या पायांनी खाली उतरला. सेक्रेटरीने त्याला दारातच अडवलं. एका सभासदाची दोनदा उपस्थिती लागली तर बोगसगिरी होईल, म्हणाला. मग माझी प्रतिकृती मागे घेतो, असं सेनापतीने सांगितलं. सेक्रेटरी म्हणाला, त्याला सभेची मंजुरी लागते, आणि विषय मांडायचा तर सभासदाने सभेत उभं राहून बोलावं लागतं.

"तुमचे सभासद उभे आहेतच," सेक्रेटरीने टेबलाकडे बोट दाखवलं. "बोलू द्या त्यांना. आम्ही कुणाचं तोंड दाबत नाही."

सेनापती दारोदार फिरला. सभेला या, नुसते येऊन उभे राहा, सगळे आले तर दार अडवणार कोण, असं त्याने प्रत्येकाला विनवलं. सगळ्यांनी त्याचं तोंड भरून कौतुक केलं. काकू म्हणाल्या, "पूर्वी सभेला गेलं नाही की मनाला कसंसंच व्हायचं. आता ती टोचणीही राहिली नाही. तुमचे उपकार आहेत बरं." व्यायामपटूने तर प्रतिकृतीचा फोटो मोबाइलच्या पडद्यावर लावला होता.

तेव्हा सेनापतीने कटर, गोंद आणि ब्रश खिशात टाकले आणि भर दुपारी तो हॉलमध्ये गेला. कोणी अडवलं नाही. सभासदांच्या हॉलमध्ये सभासद सापडण्याचा धोका नव्हताच. त्याने एकेका सभासदाचा उजवा हात खांद्यापासून कापला, फिरवून खाली चिकटवला, जोडावर रंगाचा पातळ थर दिला. काकूंचा हात त्याने विशेष जपून उतरवला. काम संपलं तेव्हा टेबलावर एकही हात वर नव्हता. पुढची सभा त्याने हॉलच्या खिडकीला नाक लावून बाहेरून पाहिली.

त्या सभेत ठराव होता, की लिफ्ट चालू स्थितीत असून सर्व सभासद तिचा लाभ घेत आहेत. चेअरमननी तो वाचला आणि मान वर केली. हात खाली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हॉलमध्ये भयाण शांतता पसरली, म्हणजे नेहमीसारखीच. खिडकीबाहेर सेनापतीने मुठी आवळल्या.

चेअरमन सावकाश उठले. त्यांचा आवाज जराही कापला नाही.

"ठरावाच्या विरोधात कोण आहे? त्यांनी हात वर करावेत."

टेबलावर कोणी हललं नाही.

"विरोध शून्य," चेअरमन म्हणाले. "ठराव एकमताने मंजूर."

अशी लिफ्ट चालू झाली. सेनापती घरी आला तेव्हा त्याला जिन्यात दम लागला होता, पण तो आता त्याचा वैयक्तिक प्रश्न होता.

त्याने सासऱ्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जावईबापू, मलाही एक करून द्या."

"तुम्ही सभासद नाही आहात, बाबा."

"सभेसाठी नको. खाली बाकावर ठेवून या मला."

सेनापतीने आजवर इतकं जीव ओतून काम केलं नव्हतं. बसलेला म्हातारा, गुडघ्यावर काठी, दोन्ही हात काठीवर. तो बाकावर ठेवला तेव्हा दोस्तांनी त्याला उचलून, डोळ्यांजवळ धरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सगळे म्हातारे मजल्या-मजल्यावर टेकत, एकमेकांना शिव्या घालत पाचव्या मजल्यावर पोहोचले आणि दिवाणखान्यात फतकल मारून बसले. सासऱ्यांना हसू आवरेना. इमारतीत गणपूर्ती झालेली ती एकमेव खरी सभा, आणि तिच्यात एकाही गोष्टीवर एकमत झालं नाही.

चेअरमनचं नाव मात्र दूरवर पोहोचलं. इतर इमारतींकडून मागण्या येऊ लागल्या. नाही म्हणायचं, असं सेनापतीने पक्कं ठरवलं होतं. पण लोक फोटो पाठवत, नमुने बघून वाहवा करत, आणि दिव्याखाली डोळे रंगवताना त्याचा राग विरघळून जाई. शिवाय, मी नाही केलं तर दुसरा कोणी वाईट रंगवेल, असं त्याने बायकोला समजावलं. बायको काहीच बोलली नाही. त्याने ती संमती धरली.

तुमच्या इमारतीच्या सभासदांच्या फोटोंचा खोका गेल्याच आठवड्यात आला. तुमच्यापुरतं सेनापतीने तुमच्या चेअरमनना मुद्दाम विचारलं, की यांचा हात वर ठेवू की खाली. ते म्हणाले, कसाही चालेल. चेहरा तेवढा नीट रंगवा. तो बघायला सभासद नक्की येतात.